मलनिस्सारण करवाढ: हिशोबाच्या एका कागदासाठी

आमच्या नगरपरिषदेने मलनिस्सारण कर वाढवायची नोटीस काढली, तेव्हा पहिली हरकत लिहायला मला एक संध्याकाळ पुरली. ती आवक-जावकला दिली, माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. इथवर काहीच अडलं नाही. पण वाढ कशाच्या आधारावर ठरवली, तो एक कागद बघायला मिळावा म्हणून जे हेलपाटे पडले, त्यांचा राग अजून गेलेला नाही.

नोटिशीत जुना दर, नवा दर आणि ‘देखभाल-दुरुस्तीचा वाढता खर्च’ एवढाच मजकूर. खर्च कशावर, किती आणि किती मालमत्तांवर वाटला, काही नाही. मग माणसाने हरकत घ्यायची कशावर? ‘वाढ परवडत नाही’ एवढंच लिहिणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांना नंतर ‘सबब हरकत अमान्य’ असं एका ओळीत उत्तर मिळालं.

कर विभागात विचारलं तर म्हणाले, हिशोब पाणीपुरवठ्याने केलाय. पाणीपुरवठ्यात म्हणाले, फाइल लेखा विभागात आहे. लेखा विभागातल्या मॅडमनी मान वर न करताच सांगितलं, “फाइल साहेबांच्या सहीला गेलीय. माहिती अधिकार टाका ना.” कोणीच ताकास तूर लागू देईना. माहिती अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि हरकतीच्या मुदतीतले निम्म्याहून जास्त दिवस तेव्हा उलटून गेले होते. उत्तर हातात पडेपर्यंत हरकत घ्यायची वेळच संपली असती. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी तोच सल्ला मिळत राहिला.

मग २००५ चा तो कायदाच नीट वाचला. त्याच्या कलम ४(१) मध्ये स्पष्ट आहे: लोकांवर परिणाम होणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी वस्तुस्थिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि ज्यांना झळ बसणार त्यांना कारणं द्यायची. कोणी अर्ज करायची वाट बघायची नाही. हेच शब्द घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र दिलं: हिशोब दाखवा, तोवर मुदत वाढवा, आणि हिशोब बघितल्यावर पुरवणी हरकत द्यायचा हक्क मी राखून ठेवते. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. पुरवणी हरकत त्याच्याच जोरावर घेतली गेली. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून दिला आणि त्यात नकलांबरोबर कागदपत्रांची पाहणीही मागितली. (महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत लागतो.)

पत्राची पोच दाखवून पुन्हा विचारल्यावर अखेर एका कनिष्ठ अभियंत्यांनी फाइल काढली. आत एक पानी तक्ता, कडेला पेन्सिलीच्या आकडेमोडी. एवढा कागद नोटीस बोर्डावर टाचणीने लावता आला असता! त्या पानासाठी मला दारोदार फिरवलं.

तक्त्यात दोन गोष्टी लगेच दिसल्या. मलशुद्धीकरण केंद्र पूर्ण क्षमतेने चालणार असं धरून वीज, क्लोरीन आणि कंत्राटी माणसांचा खर्च मांडला होता. अशा केंद्राची क्षमता ठरवताना भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी, असं मानक धरतात. आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही कमी दाबाने. नळालाच पाणी नाही तर गटारात येणार कुठून? अभियंते म्हणाले, “ताई, पंप कमी चालले तरी विजेचा स्थिर आकार भरावाच लागतो.” ते खरंच आहे. पण क्लोरीन आणि पंपांच्या तासांना ते उत्तर लागू होत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. खर्च सगळ्या मालमत्तांवर सारखा वाटला होता. आमच्या मागच्या आळीत भुयारी गटाराची लाइनच पोचलेली नाही. तिथली घरं सेप्टिक टँक स्वखर्चाने उपसून घेतात, गाडीचे पैसे भरतात आणि वर हा करही.

केंद्र चालवायला पैसा लागतो, हे मला मान्य आहे. केंद्र सरकारच्या ‘अमृत’सारख्या शहरी योजनेत उभारणीला अनुदान मिळतं, पण चालवायचा खर्च स्थानिक संस्थेलाच उचलावा लागतो. मैला नदीत जाऊ नये म्हणून मी कर आनंदाने भरेन, फक्त हिशोब उघडा हवा.

एक सांगायचं राहिलं: सगळ्यांनी मिळून एका अर्जावर सह्या करू नका. आमच्याकडे तशी हरकत एकच मोजली गेली. प्रत्येकाने आपला मालमत्ता क्रमांक घालून वेगळी द्या आणि जोडणी नसेल तर तसं पहिल्याच ओळीत लिहा.

सुनावणी पटकन आटोपली. जोडणी न झालेल्या घरांना वाढ लागणार नाही, असं इतिवृत्तात आलं. मागच्या आळीतल्या वहिनींना ते पान दाखवताना मला फार अभिमान वाटला. क्षमतेच्या मुद्द्यावर लेखी उत्तर अजून नाही, म्हणून केंद्रात रोज किती सांडपाणी येतं त्याची नोंदवही आता मागितली आहे. तुमच्याकडे अशी नोटीस लागली असेल तर ती नोंदवही पहिल्याच पत्रात मागून ठेवा.