सोसायटी रिकामी करायची कशी आणि कधी

पुण्यात सिंहगड रोडला नदीच्या अंगाला राहणाऱ्यांच्या फोनवर पावसाळाभर एकाच साच्यातले मेसेज येतात: खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग वाढवून अमुक वाजता अमुक क्युसेक करण्यात येत आहे, नदीपात्रात उतरू नये. आपण ते पुढे पाठवतो आणि चहा ठेवतो. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं, लोकांना काढायला लष्कर आणि एनडीआरएफ बोटी घेऊन आलं, त्यानंतर आमच्याकडे सभा बोलावली गेली आणि आपत्कालीन योजना करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, हा सोसायट्यांचा लाडका समज.

पहिलं भांडण आकड्यावरून. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. त्या दिवशीचा विसर्ग ३५,००० क्युसेकच्या घरात होता, म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर सभेतली कुजबुज थांबली. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तिन्ही धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं, आणि त्याचा स्वतःचा उपयुक्त साठा दोन टीएमसी, म्हणजे दोन अब्ज घनफूटसुद्धा नाही. वर घाटात पाऊस लागला की ते धरून धरून किती धरणार? संध्याकाळचा आकडा बघून निश्चिंत झोपण्यात अर्थ नाही.

शेवटी दोन खुणा ठरवल्या. नदीपात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली गेल्याचं कळलं की पार्किंगमधल्या गाड्या बाहेर. विसर्ग २५,००० वर जाणार असा मेसेज आला की तळमजला रिकामा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. हे आकडे आमच्या गेटच्या उंचीपुरतेच. भिंतीवरचे जुने डाग टेपने मोजून आणि जुन्या रहिवाशांना विचारून ते काढले. निर्णय कोणी घ्यायचा तेही लिहिलं: सेक्रेटरी, ते नसतील तर मी, दोघंही नसू तर वॉचमन. त्यावर एका काकांचा आक्षेप होता, ‘तो आम्हाला घराबाहेर काढणार?’ पहाटे तीनला गेटवर जागा असणारा तोच एक माणूस आहे, म्हटल्यावर विषय मिटला.

खरं काम होतं दारोदार जाऊन यादी करण्याचं. माणसं किती यापेक्षा जिना स्वतःच्या पायांनी उतरू-चढू न शकणारी कोण, हे मला हवं होतं. लोक ते सहजी सांगत नाहीत. ‘आमच्या आई ठणठणीत आहेत’ म्हणणाऱ्या घरात आई कॉटवरून उठलेल्या नसतात. एका घरी ऑक्सिजनचं यंत्र चोवीस तास विजेवर चालतं, हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. भाड्याने राहणाऱ्या मुलांचे नंबर कुणाकडे नव्हते. घरमालक अमेरिकेत आणि त्यांचा नंबर मात्र आहे. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, ‘आमचा काय संबंध?’ वीज तोडली की लिफ्ट बंद, पंप बंद, टाकी संपली की संडासालाही पाणी नाही. हे सांगितल्यावर त्यांनी दोन आजी-आजोबांना रात्रीपुरतं आपल्या घरात घ्यायचं कबूल केलं.

वीज हा सगळ्यांत धोक्याचा भाग. २५ जुलैच्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तिघे गेले. आमची मीटररूम पार्किंगमध्येच. पाणी यायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. पाणी आल्यावर कुणीही त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, थेट महावितरणला १९१२ वर फोन करायचा. हे मोठ्या अक्षरात दारावर लावलंय.

सामानाच्या पिशवीवर मी फार बोलणार नाही: औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कागदपत्रं, बॅटरी, पॉवर बँक, चष्म्याचा जास्तीचा जोड. पिशवी सगळ्यांत आधी भरून ठेवली ती तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या नारायण पेठेत राहत होत्या. त्यांच्या पिशवीत तांब्याच्या डब्यात देव आहेत. वजन वाढतं असं सुचवून पाहिलं. ‘माझं मी उचलते’ म्हणाल्या.

मग एका रविवारी सराव. शिट्टी वाजल्यावर निम्मी माणसं वरून धावत खाली आली, कारण शाळेपासून आपल्याला आगीचाच सराव माहीत! पुरात तळमजल्याने वर जायचं असतं. जिन्यात दोन्ही गर्दी एकमेकींना भिडल्या. आता आगीसाठी सलग घंटा, पुरासाठी तुटक शिट्टी आणि सोबत ‘वर चला’ अशी हाक. आजोबांना उचलायला व्हीलचेअर निकामी ठरली, जिन्याच्या वळणावर अडकते. हातांची प्लॅस्टिकची खुर्ची, पुढे एक आणि मागे दोन माणसं, हे जमलं. आजोबा उतरताना म्हणाले, ‘लग्नातसुद्धा इतकं उचललं नव्हतं.’

गाड्यांचा प्रश्न मात्र लांबला. त्या रस्त्यावर लावल्या तर अग्निशमनची गाडी आत कशी येणार? चढावरच्या मंगल कार्यालयात विचारायला गेलो. मालकांना वाटलं, बुकिंगला आलोय. कारण कळल्यावर हसले. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास, मुहूर्त नाहीत, आवार रिकामंच असतं, खुशाल लावा म्हणाले. त्यांना फक्त सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज आणि गाड्यांचे नंबर हवे होते. ते दिलेत. रात्री फाटक उघडायची चावी त्यांच्या वॉचमनकडे असते, म्हणून आमच्या आणि त्यांच्या वॉचमनची गाठ घालून दिली. दोघांनी एकमेकांचे नंबर घेतलेत. भाडेकरू बदलतात तशी यादी दर जूनमध्ये पुन्हा करायची आहे. यंदा ती दुसऱ्या विंगकडे सोपवली आहे.