तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रामसभेला जाऊन मला काय मिळतं?

ऑफिसात दर 15 ऑगस्टला हाच प्रश्न. सगळे लोणावळ्याला निघालेत आणि तू गावी ग्रामसभेला? सरपंच व्हायचंय का? नाही हो. माझं नाव अजून गावच्याच मतदार यादीत आहे (ते बरोबर की चूक यावर नंतर भांडू) आणि यादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सभासद असतो, निवडून यावं लागत नाही.

खरं कारण आईची सही. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती आणि पंचायतीचा शिपाई वही घेऊन दारात. काकू, सही करा पटकन, ग्रामसभेची आहे. आई म्हणाली मी कुठे आले होते? तो म्हणाला तुम्ही नाही, कुणीच नव्हतं, म्हणून तर फिरतोय. तिने पिठाच्या हातानेच सही केली, आणि पुढच्या महिन्यात देवळापुढे पेव्हर ब्लॉक पडले. आम्हाला वस्तीच्या रस्त्यावर दिवे हवे होते. विचारायला गेलो तर ग्रामसेवकाने प्रोसिडिंग (सभेच्या नोंदीची वही) काढून दाखवलं, ठराव सर्वानुमते मंजूर, खाली पिठाचा डाग. काय बोलणार?

मग मी जरा नियम वाचले. कोरम, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जे कमी ते. आमचे मतदार 1400च्या आसपास, म्हणजे 100 माणसं. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तीच तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरमच लागत नाही!! म्हणजे तुम्ही घरी बसलात तरी निर्णय थांबत नाही, फक्त जे पाच-सात जण आले त्यांचा होतो. पंधराव्या वित्त आयोगाचे (2021 ते 2026) केंद्राकडचे पैसे थेट पंचायतीच्या खात्यात यायचे, त्यातले 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बंधित, उरलेले 40 अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे, आणि सगळी ओढाताण त्या 40चीच असायची. आमदार-खासदारांवर आपण व्हॉट्सॲपवर रात्रभर भांडतो पण हे 40 टक्के कुठे गेले ते कुणाला माहीत नसतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं मला म्हणून कौतुक वाटतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांचीच घोषणा. तिथे बहुमतावर नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसतात. 2009मध्ये 1800 हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011पासून बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभाच देते. आमच्याकडे एकमत म्हणजे चहा यायच्या आत विषय संपवणं.

आता आई शिपायाला म्हणते वही ठेवून जा, वाचून सही करते. तो ठेवत नाही. मागच्या सभेला वस्तीवरच्या अकरा बायका घेऊन गेली आणि दिव्यांचा ठराव लिहून होईपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

दिवे अजून आलेले नाहीत. म्हणून 2 ऑक्टोबरच्या सहलीचं मला विचारू नका, मी नाहीये, त्या दिवशीही ग्रामसभा असते.