तुम्ही विचारलंत म्हणून: वाडा बिल्डरला का दिला

पुण्यात नारायण पेठेत आमचा वाडा होता हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "एवढा सुंदर वाडा, बिल्डरला दिलातच कसा?" विचारणारे बहुतेक लिफ्टवाल्या सोसायटीत राहतात, असो.

सुंदर होता, नाही कोण म्हणतंय. दिंडी दरवाजा, देवडी, दोन चौक, घडीव दगडाचं जोतं, वर सागवानी खांब-तुळया. माडीवर एकेकाळी वार लावून जेवणारी मुलं राहायची, मग बिऱ्हाडं आली ती राहिलीच. 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मागच्या चौकातली मातीची भिंत अक्षरशः विरघळली होती. भाडं 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1940 च्या पातळीवर गोठलेलं, 2000 पासून वर्षाला 4 टक्के वाढवता यायला लागलं, पण 25 रुपयांवर 4 टक्के म्हणजे एक रुपया. त्यात कौलं शाकारून दाखवा.

आणि ती रात्र. पावसाळा, खालच्या खणातल्या भाडेकरू काकू कॉटवर झोपलेल्या. तुळईला बाहेरून ऑइलपेंट चकचकीत, भिंतीत गेलेलं टोक मात्र आत पाणी मुरून मुरून कुजलेलं. ते सुटलं आणि कडीपाट, म्हणजे छताच्या लाकडी कड्या-फळ्या, त्यावरची वीतभर माती, तीही भिजून चिखल झालेली, सगळं खाली. आम्ही हातांनी आणि घमेल्यांनी उपसतोय आणि काकू आतून ओरडतायत, "अरे, माझी कवळी वाटीत होती, ती बघ आधी!" खुब्याचं हाड मोडलं होतं. नंतर लेकीकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यांचा मुलगा भर चौकात म्हणाला, मालक तुम्ही, जबाबदारी तुमची. आता त्याच खोलीचं छत उघडायचं म्हणून आम्ही आधीच काकूंना दोन महिने जागा सोडा म्हणालो होतो, त्या नाही म्हणाल्या, कारण एकदा बाहेर पडलं की जागा गेली. त्यांचंही चूक नव्हतं, पेठेत हेच बघितलं होतं सगळ्यांनी.

विश्रामबागवाड्याचं उदाहरण कृपया देऊ नका, तो पेशव्यांचा, त्याच्यामागे महापालिका आहे.

कॉलेजात असताना मीच बाबांशी भांडायचो, वाडा विकायचा नाही म्हणून. त्या पोराला आज विचारावंसं वाटतं, पैसे कुठून आणणार होतास? तो म्हणेल, जॅक लावून दरवर्षी एकेक तुळई बदलता आली असती. येते बदलता, करतात लोक. पण दरवर्षी कुणाचं तरी बिऱ्हाड हलवायला लागलं असतं आणि हललं कोण असतं? यावर तो गप्प बसणार नाही, मला माहितीये.

आणि हो, खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले, चांगला भाव आला, तो घेतला.