आमची वाटचाल : वजनकाट्याने लावलेली शिस्त

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचे पाणी कुर्ल्यातील आमच्या कारखान्याच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात छातीपर्यंत चढले. यंत्रे उघडून, धुऊन, तेल देऊन आम्ही काही आठवड्यांत चालू केली. परंतु विम्याच्या सर्व्हेअरने विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाही देता आले नाही : पाणी शिरले तेव्हा आत पितळ किती होते? बँकेला दरमहा द्यायचे स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचे विवरण) वडील अंदाजाने भरत आणि खरा हिशेब फोरमनकाकांच्या डोक्यात असे. कागदावर दाखवता आला तेवढ्याच मालाची भरपाई मिळाली.

आम्ही पितळी फिटिंग्ज बनवतो. सळई किका स्ट्रीटवरून किलोवर येते, तयार माल नगावर जातो आणि बुरादा (कातकामात निघणारा पितळेचा चुरा) पुन्हा किलोवर विकला जातो. या तिन्हींचा मेळ आम्ही कधी घातलाच नव्हता. 19 मिलिमीटर व्यासाची तीन मीटर सळई साधारण 7 किलो 230 ग्रॅम भरते. आमच्या एका नगाला कटिंगसह 33 मिलिमीटर लांबी लागते, यंत्राच्या पकडीत (चकमध्ये) उरणारे टोक सोडून एका सळईत 88 नग निघतात आणि 42 ग्रॅमच्या प्रत्येक नगामागे सुमारे साडेसदतीस ग्रॅम बुरादा पडतो. हे गणित जॉबकार्डावर (प्रत्येक कामासोबतच्या नोंदपत्रावर) छापून घेतले, स्टोअरमधून सळई देताना वजन करायचे आणि पाळी संपताना नग, बुरादा व तुकडे एकत्र तोलायचे, असा नियम केला. चोरी सापडेल असे अनेकांना वाटले होते. सापडले ते वेगळेच. कटिंगचे टूल धार लावताना तीनऐवजी चार मिलिमीटर रुंद ठेवले गेले होते आणि त्यापायी प्रत्येक सळईमागे तीन नग कमी निघत होते. यंत्र तेच, माणसे तीच, वीजबिलही तेच. उत्पादन मात्र रोज गळत होते आणि महिनाअखेरीच्या हिशेबात ते कधीच दिसले नसते.

फोरमनकाका मात्र दुखावले. ‘‘वडिलांच्या वेळेपासून स्टोअरची किल्ली माझ्याकडे आहे, दादा. आता माझीच मोजणी होणार का?’’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मला लगेच बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, ‘‘काका, काही कमी भरले तर आज पहिला संशय तुमच्यावरच येतो. नोंद असली तर तो येणार नाही.’’ त्यानंतर मी स्वतः सॅम्पलसाठी नेलेल्या नगांचीही पावती फाडू लागलो. मालक वगळून केलेला नियम कारखान्यात आठवडाभरही टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत महाग धडा आट्यांचा होता. एका ग्राहकाने पाव इंची एनपीटी (अमेरिकन मानकाच्या) आट्यांऐवजी बीएसपी (ब्रिटिश मानकाचे) आटे मागितले होते, नवे ड्रॉइंग ऑफिसात आलेही होते, पण यंत्राशेजारी जुनीच प्रत चिकटवलेली होती. एनपीटीला इंचाला 18 आटे, बीएसपीला 19. सुरुवातीचे एक-दोन आटे बसतात आणि मग फिटिंग अडकते, त्यामुळे वरवर तपासणाऱ्याला शंका येत नाही. संपूर्ण लॉट परत आला आणि भंगाराच्या भावाने गेला. आता नवी प्रत देताना जुनी परत घेऊन फाडली जाते आणि लेथ चालवणाऱ्या टर्नरव्यतिरिक्त दुसऱ्याने गेज (माप तपासण्याचे साधन) लावून पहिला नग पास केल्याशिवाय दुसरा नग कापला जात नाही. याला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे वाया जातात, अशी तक्रार सुरुवातीला होती; पण तयार मालाची छाननी करण्यात आणि चूक कोणाची यावर वाद घालण्यात पूर्वी जे दिवस जात, ते थांबल्यावर ती आपोआप मिटली. प्रतिबंधात्मक अंतर्गत नियंत्रण म्हणजे चूक होण्याआधी उभी केलेली ही अडवणूक, आणि उत्पादकता तिच्यामुळेच वाढते, हे मला तिथे पटले.

चौदा माणसांच्या कारखान्यात स्वतंत्र विभाग करणे परवडत नाही. तरीही ऑर्डर देणारा, माल तोलून घेणारा आणि बँकेतून पैसे चुकते करण्याची नोंद करणारा अशी तीन माणसे आम्ही वेगळी ठेवली आहेत. पूर्वी मी बाहेरगावी जाताना कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवत असे; ते बंद केले. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आले, तर आपल्याकडच्या जुन्या फोन नंबरवर बोलल्याशिवाय तो बदलला जात नाही. 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने दाखवलेले बिल जीएसटीआर-2बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर खरेदीदाराला मिळणाऱ्या मासिक विवरणात) दिसल्याशिवाय इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही, म्हणून तो मेळ आम्ही पैसे देण्याआधी घालतो.

निकेल प्लेटिंगला बाहेर जाणारा माल ही आमची अजून कच्ची बाजू आहे. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असे धरून कर लागतो. आमची चलने मात्र अर्धवट परतीमुळे एकमेकांत गुंततात. या महिन्यापासून प्रत्येक चलनाच्या मागच्या बाजूला परतीचे नग आणि वजन त्याच दिवशी लिहायला सुरुवात केली आहे, आणि आधीचे चलन पूर्ण झाल्याशिवाय त्याच आयटमचा नवा लॉट गेटबाहेर सोडू नये, असे स्टोअरला सांगितले आहे.