सहा वंचना असूनही ‘गरीब नाही’

आज दिवसभर नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकाची आकडेमोड केली. हा निर्देशांक गरिबी उत्पन्नावरून नाही, तर आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानाच्या बारा निकषांवरून मोजतो; ज्या निकषात घर कमी पडतं, ती एक ‘वंचना’. एकाच कुटुंबावर गाडी अडली.

कुडाच्या भिंती, चूल, संडास नाही, वीज नाही, पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासापेक्षा जास्त, घरात मोबाईल सोडून काहीच नाही. म्हणजे राहणीमानाच्या सात निकषांपैकी सहा वंचना. प्रत्येकाचा भार 1/21, बेरीज 28.57 टक्के. गरीब ठरायला लागतात 33.33! सातवा निकष बँक खात्याचा. खातं आहे, त्यात दमडी नसली तरी चालते. खातं नसतं तर 7/21, बरोब्बर रेषेवर, म्हणजे गरीब.

शिक्षणाचं आणखी गमतीशीर. दहा वर्षांवरच्या एकाने जरी सहा वर्षं शाळा पूर्ण केली असली, तरी अख्खं घर पास. सासू-सून निरक्षर असल्या तरी कुठेच दिसत नाहीत. भार मात्र थेट 1/6. पोषणाचाही तेवढाच.

उलट चाळीतला सामायिक संडास कितीही स्वच्छ असो, त्या बाबतीत कुटुंब वंचितच धरतात. (हे मला पटतं. सकाळच्या रांगेत उभं राहिलेल्यांनाही पटेल.)

देशातल्या अशा गरिबांचा आकडा 2015-16 मधल्या 24.85 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 14.96 वर आला. घसरण खरी आहे, पण त्यातली खाती किती आणि ताटातलं अन्न किती, हे बघायचं तर बाराही निकष सुटे करून वाचावे लागतात. बातमीत एकच आकडा येतो.