तुम्ही विचारलंत म्हणून: प्रशिक्षकांचा गट शिकतो आहे, हे कशावरून ओळखायचे?

खो-खो प्रशिक्षकांच्या अभ्यासगटांच्या बैठकांना मी निरीक्षक म्हणून जाते, हे कळले की बहुतेक जण विचारतात, ‘यातून काही निष्पन्न होते, हे तुम्ही ठरवता कसे?’ प्रश्न रास्त आहे. रविवारची सकाळ मोडून, पदरचे एसटीचे भाडे भरून येणाऱ्या प्रशिक्षकांना त्याचे उत्तर मिळायलाच हवे.

एकाच कामातली माणसे नियमाने भेटून परस्परांकडून शिकतात, अशा गटाला जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ असे नाव दिले. लायबेरियातले शिंपी, युकातानमधल्या सुइणी यांची उदाहरणे घेऊन त्यांनी दाखवले की नवखा माणूस काठावरची लहान कामे करत करत जाणत्यांमध्ये सामावतो. खो-खोच्या मैदानावर हे आपण पाहतच आलो आहोत. चुन्याने चौक आखणारा मुलगा पुढे कितीदा तरी प्रशिक्षक झालेला आहे.

हजेरीपट मी पाहते, पण त्यावर विसंबत नाही. एक जण बोलतो आणि बाकीचे लिहून घेतात, ते व्याख्यान झाले. म्हणून कोण बोलले यापेक्षा कोणाच्या बोलण्यावर कोण बोलले, हे मी वहीत टिपते. ज्यांचे संघ जिल्हा स्पर्धेत समोरासमोर येणार आहेत, ते दोन प्रशिक्षक एकमेकांना खरे सांगतात का, याकडे माझे सर्वांत जास्त लक्ष असते.

एक प्रसंग सांगते. २०२२ ची अल्टिमेट खो-खो लीग आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक, दोन्ही मॅटवर झाले. आपल्या बहुतेक शाळांचे मैदान मात्र मातीचेच आहे. एका बैठकीत तालुक्याच्या शाळेतल्या एक मॅडम म्हणाल्या, ‘माझ्या मुली मातीवर बेधडक सूर मारतात, मॅटवर कचरतात, आणि माझे काय चुकते ते मला कळत नाही.’ थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ज्यांच्या संघाने त्यांना आदल्याच वर्षी हरवले होते, ते सर उठले आणि गुडघ्यांवर बसून छोट्या सुरापासून सुरुवात कशी करायची, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. तीन आठवड्यांनी मी त्या शाळेत गेले, तेव्हा मॅडमनी जुन्या गाद्या जोडून त्यावर ताडपत्री ताणली होती आणि सरांच्या पद्धतीतला एक टप्पा गाळून तिथे स्वतःचा घातला होता. पुढच्या बैठकीत त्यांनी तो बदल तर सांगितलाच, शिवाय ताडपत्री घसरते हेही सांगितले. बैठकीतली गोष्ट मैदानावर गेली, तिथे बदलली आणि तिच्या दोषासकट परत गटात आली, असा तिचा माग लागला तर माझ्या लेखी तो गट शिकतो आहे.

वेंगर यांनी २०११ मध्ये बेव्हर्ली ट्रेनर आणि मार्टेन डी लाट यांच्यासह अशा गटांच्या मूल्यमापनाचा आराखडा मांडला. भेटीतले समाधान, हाती आलेले ज्ञान, त्याचा वापर, त्यातून सुधारलेले काम आणि शेवटी यशाची व्याख्याच नव्याने करणे, असे पाच टप्पे त्यात आहेत. शेवटचा टप्पा क्वचित दिसतो, पण या गटात मी तो पाहिला: ‘सूर कसा शिकवायचा’ येथून सुरू झालेली चर्चा ‘चौदा वर्षांखालच्या मुलींना तो शिकवण्याची घाई आपण का करतो’ येथवर पोहोचली. चषकांची संख्या मी मूल्यमापनात धरत नाही, कारण एखाद्या वर्षी चार चांगल्या मुली एकाच वर्गात आल्या, तरी चषक मिळतो.

निरीक्षकामुळे गट बिघडूही शकतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने माझी टिपणे नावांसकट मागवून घेतली आणि मी ती दिली. त्यानंतरच्या दोन बैठकांत कोणीही स्वतःची अडचण मांडली नाही. ती चूक माझीही होती. तेव्हापासून टिपणात मी नावे लिहीत नाही आणि ते बाहेर देण्याआधी गटाला वाचून दाखवते. सुराच्या त्या बैठकीचे टिपण वाचले, तेव्हा मॅडमनी मला थांबवले आणि म्हणाल्या, ‘मुली कचरत होत्या असे लिहू नका. त्यांना मॅटवर सोडायला मी कचरत होते.’ ती दुरुस्ती मी त्याच पानावर, त्यांच्यासमोर केली.