राजेळी, बॅच ४ : लाल टोपीचा घोळ

तिसऱ्या बॅचमध्ये काय बिनसलं ते अखेर सापडलं. पाच आठवडे मी मुनव्यांना, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांना, नावं ठेवत होतो.

मागचं थोडक्यात. वसईहून आणलेल्या राजेळी केळीच्या मुनव्यांचे गाभे काढून घरीच टिश्यू कल्चर (निर्जंतुक बरणीत तुकड्यापासून रोपं वाढवणं) चाललंय. एमएस मीडियम (रोपांच्या पोषणाचं ठरावीक क्षारमिश्रण), ३ टक्के साखर (वाण्याकडचीच), घट्ट करायला चायना ग्रास, पीएच ५.८, कुकरमध्ये २० मिनिटं. पहिली बॅच काळी पडून गेली, दुसरी बरी होती. फुटव्यांसाठी बीएपी हे हार्मोन, लिटरला ४ मिलिग्रॅम. मी एका वेळी १०० मिलिच मीडियम करतो, चार बरण्यांपुरतं. म्हणजे बीएपी लागणार फक्त ०.४ मिलिग्रॅम.

एवढं कुठल्या काट्यावर तोलणार? माझा छोटा काटा ग्रॅमचे तीन दशांश दाखवतो खरा, पण १० मिलिग्रॅमची तीच चिमूट तीनदा ठेवली तर ८, ११, १३ असं काहीही सांगतो. म्हणून सरळ १०० मिलिग्रॅम तोलायचं. त्यात दोन-तीन मिलिग्रॅम इकडचे तिकडे झाले तर चालतात. पंखा बंद, खाली बटर पेपर. आधी काटा ओट्यावर असायचा आणि फ्रिज घुरघुरायला लागला की आकडे नाचायचे. आता तो देवघराच्या दगडी कट्ट्यावर बसतो. आईला ते फारसं पसंत नाही.

पावडर थेट पाण्यात टाकू नका. पिठूळ तरंगत राहते, कितीही ढवळा. आधी १ नॉर्मल कॉस्टिक सोडा (१०० मिलि पाण्यात ४ ग्रॅम), थेंब थेंब, ग्लास हलवत. दहा-पंधरा थेंब होईपर्यंत पांढरा गढूळपणा तसाच राहतो आणि मग एकदम नितळ होतं. तो क्षण मला अजून आवडतो. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने १०० मिलि भरायचं. झालं स्टॉक, म्हणजे साठवणीचं दाट द्रावण, १ मिलित १ मिलिग्रॅम. बाटलीवर नाव, तारीख, आणि 'औषध नाही' असं ठळक. फ्रिजमध्ये, दह्यापासून लांब.

आता घोळ. १०० मिलि मीडियमला ०.४ मिलि स्टॉक. दुसऱ्या बॅचला मी केमिस्टकडची नारिंगी टोपीची इन्सुलिन सिरिंज वापरली होती, ४० च्या खुणेपर्यंत भरून. त्या संपल्या, म्हणून तिसरीला बाबांच्या पेटीतली लाल टोपीची उचलली. तीही ४० पर्यंत भरली. सिरिंज काठोकाठ भरली तरी डोक्यात प्रकाश पडला नाही!

बरण्यांत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढुरके गोळे. फुटवे असंख्य, पण एकही वर सरकेना. मी प्रकाश बदलला, साखर बदलली, वसईच्या काकांना फोनही झाला.

मग एक दिवस बाबा टेबलाशी इन्सुलिन घेत होते. म्हणाले, "अरे, माझ्या सिरिंजा तू नेतोस का? कमी भरतायत."

"एकदोनच घेतल्या, बाबा. केमिस्टकडच्या संपल्या होत्या."

"त्या नारिंगी? त्या शंभरच्या बाटलीच्या. ही चाळीसची. अदलाबदल झाली तर मी हॉस्पिटलात जाईन."

मी तिथेच कागद घेतला. नारिंगीवर १०० खुणा म्हणजे १ मिलि, लालवर ४० खुणा म्हणजे १ मिलि. खुणा इन्सुलिनच्या युनिटच्या आहेत, मिलिच्या नाहीत. म्हणजे ०.४ ऐवजी अख्खा १ मिलि गेला होता. लिटरला १० मिलिग्रॅम, अडीचपट. असल्या डोसवर केळी असे गोळेच करते.

चौथी बॅच साध्या १ मिलि ट्युबरक्युलिन सिरिंजने केली, खुणा सरळ मिलित. बाबांची पेटी माझ्या कपाटापासून दूर हलवली. तिसरीतले तीन गोळे चिरून बिनहार्मोनच्या मीडियमवर टाकलेत. आज तेरावा दिवस. दोघांतून करंगळीच्या नखाएवढं हिरवं पान सुटलंय, तिसरा अजून तसाच बसून आहे.